डोंगराच्या आडोशाने

लोहगावच्या विमानतळापासून आमचे घर फार दूर नाही. १९३९ साली मुंबईच्या संरक्षणासाठी उभारलेल्या या तळावर आज सुखोई जातीची लढाऊ विमाने असतात. प्रवासी विमानेही त्याच धावपट्टीवरून उडतात. नव्याने राहावयास आलेला मनुष्य त्या गडगडाटाने दचकून खिडकीकडे धावतो. आम्ही जुने रहिवासी मात्र क्षणभर बोलणे थांबवितो आणि आवाज ओसरला, की वाक्य जेथे सोडले होते तेथून पुढे चालवितो.

आमच्या शेजारी वायुदलातून निवृत्त झालेले एक वृद्ध वैमानिक राहतात. सारी गल्ली त्यांना 'काका' म्हणते. विमान गेले तरी ते वर पाहात नाहीत. मान किंचित कलती करून नुसते ऐकतात. एकदा मी त्यांना विचारले, "काका, एवढे आकाश मोकळे पडले असताना डोंगरांच्या दऱ्यांतून खालून विमाने नेण्याचा सराव कशासाठी करायचा?"

ते हसून म्हणाले, "घार आकाशात दिसली, की कोंबडी पिलांना पंखांखाली घेते. पण मांजर भिंतीच्या कडेने आले तर?"

गोष्ट खरीच आहे. रडारच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. उंचावरचे विमान त्यांना शेकडो किलोमीटरांवरून सापडते. परंतु मध्ये डोंगर आला, की त्याच्या पाठीमागचे काही दिसत नाही. पृथ्वीची गोलाईसुद्धा सखल उडणाऱ्याला झाकून घेते. म्हणून वैमानिक डोंगराची सावली शोधतो. मात्र ज्या डोंगराने त्याला दडवायचे, तोच पुढच्या वळणावर त्याच्यासमोर उभा असतो.

हे नुसते ऐकून कळण्यासारखे नव्हते. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे सिंहगडावर गेलो. कल्याण दरवाजाच्या बाजूस उभे राहिले, की समोर राजगड आणि तोरणा दिसतात. सिंहगडाहून डोंगरवाटेने राजगड गाठायचा म्हणजे चालणाऱ्याचा दिवस मोडतो. सरळ रेषेत हे अंतर सुमारे पंधरा किलोमीटर भरते. काकांनी हातातले घड्याळ पुढे केले. "ताशी नऊशे किलोमीटरांच्या वेगाने येथून राजगडापर्यंत एक मिनिट. तेथून तोरण्यापर्यंत अर्धे." मी सेकंदकाट्याकडे पाहात राहिलो. काटा एक घर सरकला, की विमान अडीचशे मीटर पुढे गेलेले असणार!

मग त्यांनी काठीने मातीत एक दरी काढली आणि मला रीतसर धडाच दिला. एवढ्या वेगाचे विमान साठ अंशांनी कलते करून वळविले, तरी त्याला साडेतीन किलोमीटरांहून मोठ्या त्रिज्येचे वर्तुळ लागते. त्या वळणात वैमानिकाला स्वतःचे वजन दुप्पट भासते. वळण याहून आखूड हवे असेल, तर तो भार आणखी वाढतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागते. म्हणून अरुंद दरीत शिरताना मधोमध जायचे नाही. एका कडेने जायचे, म्हणजे परत फिरण्यास सारी रुंदी हाताशी राहते. काही दऱ्या पुढे बंद असतात आणि त्यांचा तळ विमानाच्या चढण्यापेक्षा वेगाने वर येतो. अशा दरीतून परतायचे की नाही, हे दरीत शिरण्यापूर्वीच ठरवावे लागते. सकाळ-संध्याकाळ दरीची एक बाजू उन्हात आणि दुसरी काळोखात असते. सूर्य समोर आला, की काहीच दिसत नाही. वारा कड्यावरून पलीकडे कोसळतो, तो विमानालाही खाली लोटतो. पक्ष्यांचे थवे तर सांगून येत नाहीत.

"आणि तारा," काका म्हणाले. "विजेची तार दिसत नाही. खांब दिसतात. दरीच्या दोन्ही अंगांना खांब दिसले, की मध्ये तार आहे असे समजायचे."

या दऱ्यांनी पूर्वीही एक धडा शिकविलेला आहे. १६६१ साली कारतलबखान मोठी फौज घेऊन कोकणात उतरत असता उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी त्याला दोन्ही बाजूंच्या रानातून कोंडले. खिंडीतून जाणारा कितीही बलाढ्य असो, वर बसलेल्याची सत्ता त्याच्यावर चालते. ३३८ वर्षांनी, १९९९ च्या मे महिन्यात, कारगिलच्या डोंगरांत शत्रू शिखरांवर खांद्यावरून सोडायची क्षेपणास्त्रे घेऊन बसला होता. २८ मे रोजी तोलोलिंगजवळ आपले एक सशस्त्र हेलिकॉप्टर पाडले गेले आणि त्यातील चौघे वीर कामी आले. त्यानंतर अशी हेलिकॉप्टरे हल्ल्यांतून काढून घेतली गेली आणि विमाने त्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेरून, उंचावरून मारा करू लागली. डोंगराचा आडोसा जेव्हा शत्रूकडे असतो, तेव्हा तो सोडून वर यावे लागते. हे ओळखणेही त्याच विद्येचा भाग आहे.

पण मला खरी टोचणी लावणारी गोष्ट युद्धातली नाही. इटलीत, आल्प्सच्या डोंगरांत कावालेसे नावाचे गाव आहे. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी सरावासाठी निघालेले एक अमेरिकी लष्करी विमान परवानगीपेक्षा कितीतरी खालून त्या दरीतून गेले आणि त्याने तेथील रज्जुमार्गाचा दोर तोडला. रायगडावर जाताना आपण ज्यात बसतो, तसा तो पाळणा. त्यातील वीस माणसे दरीत कोसळून मेली. विमान तळावर सुखरूप परतले. वैमानिकांजवळच्या नकाशावर तो रज्जुमार्ग दाखविलेला नव्हता. पुढे खटला झाला, त्यात मनुष्यवधाच्या आरोपातून वैमानिक सुटला. मरणाऱ्यांचे तेव्हा कोणाशीही युद्ध नव्हते.

मी हे बोललो, तेव्हा काका बराच वेळ गप्प होते. देशाला हा सराव हवा, यात मला शंका नाही. तथापि दरी रिकामी असते, हे मात्र मला मान्य नाही. तेथे वाडी असते, गुरे असतात, पाळण्यात मूल झोपलेले असते.

"उड्डाणाच्या आदल्या दिवशी," ते शेवटी म्हणाले, "आम्ही नकाशा घेऊन बसत असू. मार्ग आखायचा, दर मिनिटाची खूण करायची, हे तासाभराचे काम. उरलेला वेळ जाई तो नव्या गोष्टी शोधण्यात. नवी तार, नवा मनोरा, नवी वस्ती. नकाशा छापणाऱ्यापेक्षा गावे पुढे असतात रे!"

उन्हे कलली होती. परतताना त्यांनी गडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे काठीने बोट दाखविले. "हा मी सर्वांत आधी लाल पेन्सिलीने काढला असता," ते म्हणाले, आणि पायऱ्या जपून उतरू लागले.