काचेवरचा पट आणि मोजणीची सवय

डावपेचांचे पटखेळ, म्हणजे ज्यांत नशिबापेक्षा आखणीला अधिक वाव असतो असे खेळ, टॅब्लेटवर आले तेव्हा त्यांच्याबद्दलची चर्चा बहुधा चित्रांच्या सुबकतेभोवती फिरली. खेळण्याच्या कलेच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न वेगळा आहे, तो असा की टेबलावर खेळाडूच्या हातून होणारी कोणती कामे ॲपने स्वतःकडे घेतली आणि कोणती खेळाडूकडे उरली. पत्ते पिसणे, सोंगट्या सरकवणे, गुण मांडणे, नियमाबाहेरची चाल रोखणे हे सारे यंत्र बिनचूक करते, पण त्यांपैकी काही कामे निव्वळ हमाली असतात आणि काही कामांतच खेळाची जाण मुरत असते.

ठाण्यात रेल्वेमार्ग आणि खाडी यांच्या मधल्या कोपरीसारख्या दाट वस्तीत हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. लहान घरांतून मोठा पट चार-पाच तास मांडून ठेवायला जागा नसते, आणि खेळाडूंच्या सुट्ट्याही जुळत नाहीत. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्यात पोहोचली, त्याच स्थानकाच्या पूर्वेकडून आज कोपरीकर नोकरीला निघतात. चौथ्या सीटवर अर्धे टेकून टॅब्लेट धरणे शक्य नसले, तरी ठाण्यातूनच सुटणाऱ्या धीम्या लोकलमध्ये खिडकी मिळाली की तासाभराच्या प्रवासात दोघांचा एक डाव सहज संपतो.

असा डाव बहुधा ‘कार्कासोन’चा असतो. क्लाउस-युर्गेन व्रेडे यांनी रचलेला आणि 2000 साली प्रसिद्ध झालेला हा खेळ 72 चौकोनी फरशांचा असून, प्रत्येक खेळाडू आपल्या पाळीला एक फरशी उचलून ती रस्त्याला रस्ता आणि शहराला शहर जुळेल अशी लावतो व तिच्यावर हवी तर आपली एक सोंगटी ठेवतो; बांधकाम पूर्ण झाले तरच ती सोंगटी हातात परत येते. चांगला खेळाडू म्हणूनच केवळ स्वतःचे शहर वाढवत नाही, तर प्रतिस्पर्ध्याच्या शहरात अशी पोकळी तयार करतो की ती भरणारी फरशी संचात उरलेलीच नसावी. चारही बाजूंना शहर असलेली फरशी संपूर्ण संचात एकच आहे. ती एकदा लागली की तशी पोकळी कायमची रिकामी राहते आणि समोरच्याची सोंगटी डाव संपेपर्यंत अडकते. टेबलावर हे ओळखण्यासाठी लागून गेलेल्या फरशा ध्यानात ठेवाव्या लागत. 2010 साली आयपॅड-आयफोनसाठी निघालेल्या आवृत्तीने उरलेल्या फरशांची यादी समोर ठेवली आणि न भरता येणाऱ्या जागांवर खूणही केली. नवख्याला हा मोठा आधार वाटतो, आणि तो आहेही. परंतु खूण दिसते ती जागा बंद झाल्यानंतर, आणि ती दोन चालींनंतर बंद होऊ शकेल हे आधी ताडण्याची नजर यादीवर विसंबणाऱ्याला सहसा येत नाही. सरावाच्या काळात यादी बंद ठेवून मनातल्या मनात मोजावे आणि डाव संपल्यावर ती उघडून पडताळावे, हा मार्ग कष्टाचा आहे, पण गुण देणारा आहे.

याउलट व्लादा ख्वातिल यांच्या ‘थ्रू द एजेस’ या संस्कृती घडवण्याच्या खेळात प्रत्येक पाळीला धान्य, खनिज, लोकसंख्या यांचे ठोकळे इकडून तिकडे सरकवावे लागतात. 2017 सालच्या टॅब्लेट-आवृत्तीने हा भार उचलला तेव्हा खेळाचे काहीच हरवले नाही. उलट कोणता नेता निवडावा आणि सैन्यबळ किती राखावे, या खऱ्या विचाराला वेळ मिळाला. ज्या मोजणीने पुढची चाल बदलते ती आपल्याकडे ठेवावी आणि बाकीची यंत्राला द्यावी, एवढी विभागणी खेळाडूने स्वतः ठरवली पाहिजे, कारण ॲप ती करून देत नाही.

मोजणीहून अवघड प्रश्न नजरेचा, म्हणजे सारा पट एकदम दिसण्याचा, आहे. ‘तिकीट टू राइड’ या रेल्वेमार्ग बांधण्याच्या खेळाचा 2011 साली आलेला भारताचा नकाशा 1911च्या सुमाराचा आहे, आणि त्यात आपल्या तिकिटावरची दोन शहरे एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन मार्गांनी जोडल्यास ‘मंडल’ पूर्ण होऊन जास्तीचे गुण मिळतात. असे वर्तुळ आखायला सारा देश एकदम डोळ्यांपुढे असावा लागतो. काचेवर मुंबईजवळचा भाग वाचण्यासाठी मोठा केला, की बंगालकडे प्रतिस्पर्ध्याने अडवलेला मार्ग चित्राबाहेर जातो. म्हणून प्रत्येक चालीआधी नकाशा पूर्ण लहान करून पाहण्याची सवय बोटांना लावून घ्यावी लागते.

या खेळांतली सवडीने खेळण्याची सोय, म्हणजे एकाने सकाळी चाल करावी आणि दुसऱ्याने रात्री उत्तर द्यावे ही रीत, बुद्धिबळवाल्यांना नवी नाही. टपालाने डाव खेळणारे पोस्टकार्डावर चाल लिहून धाडत आणि उत्तर येईपर्यंत पट मांडलेला ठेवत. त्या थांबण्यात डाव मनात घोळत राही. टॅब्लेटवर अनेक डाव एकाच वेळी चालू ठेवण्याचा मोह होतो आणि कोणत्या डावात आपला बेत काय होता हेच पुसले जाते. मोजके डाव घ्यावेत आणि प्रत्येक चालीनंतर पुढचा हेतू एका ओळीत टिपून ठेवावा; दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या परतीच्या गाडीत तीच ओळ वाचून डाव पुन्हा हाती घेता येतो.