सिंकखालचं जातं

अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात सिंकच्या तोंडाशी काळ्या रबरी पाकळ्या दिसतात. त्यांच्या आड एक यंत्र बसलेलं असतं, गार्बेज डिस्पोजल. बटण दाबलं की ते गुरगुरतं आणि ताटातलं खरकटं बघता बघता दिसेनासं होतं. वापरणाऱ्यांपैकी बरेच जण त्याला पाती असलेला मिक्सर समजतात, आणि त्याची निम्मी दुखणी मला या समजुतीतूनच आलेली दिसतात. आत पाती नसतातच. तळाशी एक तबकडी गरगर फिरते, तिच्यावर धातूचे बोथट गुटके असतात. त्या फिरण्याच्या जोराने अन्न कडेच्या दातेरी कड्यावर आपटतं आणि तिथे घासून घासून बारीक होतं. हे कापणं नव्हे, दळणं. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या जॉन हॅम्स नावाच्या वास्तुरचनाकाराने १९२७ साली हे यंत्र घडवलं, १९३५ साली त्याला पेटंट मिळालं. त्याला जातं हा शब्द ठाऊक असायचं कारण नाही, पण सिंकखाली त्याने बसवलं ते जातंच.

जात्यात पायली एकदम ओतत नाहीत, मुठीमुठीने वैरण घालतात. इथेही तेच, आधी नळ सोडायचा, मग यंत्र, मग थोडं थोडं खरकटं, आणि आवाज मोकळा झाल्यावरही क्षणभर पाणी वाहू द्यायचं. पात्याने धागा तुटला असता. जात्याने तुटत नाही. म्हणून शेवग्याच्या शेंगांचा चोथा, कणसाची पानं, केळ्याची साल त्या गुटक्यांना गुंडाळून बसते. भाताचं उलट. तो इतका सहज दळला जातो की त्याची खळ होऊन पुढे पाइपच्या वळणात बसते, आणि दोष मात्र यंत्राला लागतो. तुपाची गोष्ट थंडीत थिजलेली बरणी पाहिलेल्याला सांगायला नको. गरम पाण्याने ते पातळ होऊन निघून जातं खरं, पण जातं कुठे? पुढच्या गार पाइपात जाऊन थिजतं. म्हणून पाणी गारच हवं, आणि तुपातेलाचं भांडं आधी कागदाने पुसून तो कागद टोपलीत टाकावा. बर्फाने पात्यांना धार येते, हा सल्लाही असाच पात्यांच्या भ्रमातून आलेला. बर्फाने फार तर चिकटलेली घाण खरवडून निघते. लिंबाची साल वासावर पांघरूण घालते, एवढंच. वास खरा राहतो तो रबरी पाकळ्यांच्या खालच्या अंगाला, जिथे नजर पोचत नाही. यंत्राची वीज बंद करून, पाकळी उलटी धरून, साबण लावलेल्या जुन्या टूथब्रशने तिथला करडा, बुळबुळीत थर काढला की लिंबाची गरज उरत नाही.

कोणी म्हणेल, इतकी मिजास सांभाळण्यापेक्षा खत का करू नये? अंगण असेल तर जरूर करावं. त्यापुढे हे जातं दुय्यमच. पण जानेवारीच्या बर्फात, दहाव्या मजल्यावर, ओला कचरा वेगळा नेणारं कोणी नसेल तर तो डंपिंग ग्राउंडवर पुरला जातो, आणि हवेशिवाय कुजताना मिथेन सोडतो. सांडपाण्याच्या केंद्रात सोय असेल तर तोच वायू बंद टाकीत धरून वीज करता येते. गटारं तुंबतील ही भीतीही पोकळ नाही. न्यूयॉर्कच्या मोठ्या भागात, जिथे पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच गटारातून जातं, तिथे या यंत्रावर १९९७ पर्यंत बंदी होती. आधी चाचणी घेतली, मगच ती उठवली. सगळ्यात जड आक्षेप पाण्याचा. तिथला स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला तर अर्ध्या मिनिटात चार लिटरपर्यंत पाणी जातं. ज्या गावात नळाला दिवसाआड तासभर पाणी येतं, तिथल्या मोरीत हे यंत्र शोभणार नाही. तिथे ओल्या कचऱ्याची बादलीच बरी.

आणि जातं अडलंच तर? नुसती घरघर येते, तबकडी हलत नाही. तेव्हा बटण पुन्हा पुन्हा दाबलं तर मोटार तापते. आधी वीज बंद. मग सिंकखाली वाकलं की बऱ्याच यंत्रांच्या बुडाशी मधोमध एक षटकोनी भोक सापडतं. त्यात बसणारी वाकडी किल्ली यंत्राबरोबरच मिळते आणि बहुधा खणात हरवलेली असते. ती घालून डावी-उजवी फिरवायची. हा या जात्याचा खुंटा. चार-सहा हिसक्यांत खजुराची बी सुटते, ती चिमट्याने उचलायची, हात आत घालायचा नाही. मग बुडाचं लाल बटण आत दाबायचं आणि नळ सोडायचा.