सोन्याचं मांजर आणि काशीची गल्ली

आमच्या आजीचा एक नियम होता. मांजराने दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं तरी त्याला काठीने मारायचं नाही. चुकून मेलं, तर सोन्याचं मांजर करून ते काशीला दान द्यावं लागतं! तुमच्याही घरी हे कुणी ना कुणी सांगितलं असेल. म्हणून गेल्या हिवाळ्यात काशीला गेले तेव्हा देवळांबरोबर माझे डोळे मांजरंही शोधत होते.

फार शोधावं लागलं नाही. आमचा मुक्काम ब्रह्माघाटाजवळ एका ओळखीच्या काकूंकडे होता. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा काशीतल्या मराठी माणसांचा जुना परिसर. दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला टेकावं, अशा गल्ल्या. संध्याकाळी काकूंनी उरलेली पोळी दुधात कुस्करून चौकात ठेवली आणि बघता बघता भिंतीवरून सात मांजरं उतरली.

"ही कुणाचीच नाहीत आणि सगळ्यांचीच आहेत," काकू म्हणाल्या. मग हळूच सांगितलं, की पावसाळ्यात त्यातल्या एकीला चार पिल्लं झाली. दोन आजारी पडून गेली, एक कुत्र्यांनी नेलं. चौथं कुठे गेलं, ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर बुलबुलाची पिसं पडली होती. पोटभर दूध-पोळी खाऊन पुन्हा शिकार कशाला? पण मांजराची शिकार नुसती भुकेपोटी नसते. हललं की झडप घालायची, ही त्याची जातच. वाटी भरलेली ठेवली म्हणून खार, चिमणी, पाल सुटत नाही. उलट खाणं वाढलं की मांजरं वाढतात. पाच-सहा महिन्यांची मांजरी व्यायला तयार होते, नऊ आठवड्यांत पिल्लं येतात आणि वर्षातून दोन-तीनदाही येऊ शकतात. हिशोब तुम्हीच करा.

त्या दुपारी आम्ही नावेने पलीकडच्या रेतीवर गेलो. गंगेवर थंडीतले पाहुणे कुरव पक्षी होते. नावेतली माणसं शेव उधळत होती आणि ते कलकलाट करत झेपावत होते. रेतीवर मात्र कुत्र्यांचा वावर. याच पात्रात, रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंत सात किलोमीटर, १९८९ साली कासवांचं अभयारण्य झालं होतं. गंगेत सोडलेल्या अर्धवट जळालेल्या प्रेतांचा निचरा कासवांनी करावा, अशी कल्पना. चंबळकडून अंडी आणायची, सारनाथच्या केंद्रात उबवायची आणि वाढलेली कासवं इथे सोडायची. नदी घाण करायची माणसांनी आणि साफ करायची कासवांनी! २०२० मध्ये या पट्ट्याचा अभयारण्याचा दर्जा काढण्यात आला आणि प्रयागराज, मिर्झापूर, भदोही भागातल्या पात्राला नवा दर्जा मिळाला.

कासवं काय आणि नदी सुरयसारखे पक्षी काय, नदीकाठच्या वाळूतच अंडी घालतात. त्यांचा शत्रू कोल्हा तसा भटका कुत्राही. चंबळकाठी पाणचिऱ्याची घरटी वाचवायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने स्थानिक गावकऱ्यांनाच राखणदार नेमलं. कुत्र्याला मारावं लागलं नाही, दूर ठेवावं लागलं.

भटक्या कुत्र्यांसाठी आपल्याकडे २००१ साली नियम झाले, २०२३ मध्ये नवे आले. पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. अनेक देशांत मांजरांसाठीही हीच रीत आहे. खूण म्हणून बेशुद्धीतच कानाचं टोक किंचित कापतात. दूर नेऊन का सोडायचं नाही? कारण खाणं तसंच राहिलं तर रिकाम्या जागेत नवी मांजरं येतात, आणि नेलेलं मांजर अनोळखी जागी हाल होऊन मरतं. गल्लीसाठी हा उपाय मला पटतो. रेतीसाठी अपुरा वाटतो, कारण शस्त्रक्रिया झालेला कुत्राही अंडी खातोच. तिथे अंड्यांच्या दिवसांत उष्टं-खरकटं टाकणं थांबवायला हवं आणि राखण हवी.

रात्री काकूंशी बोलले. त्यांना ते रुचलं नाही. "देवाने दिलेल्या जिवावर सुरी कशाला चालवायची? आम्ही काशीत राहतो गं."

"आणि ती पावसाळ्यातली पिल्लं?" मी विचारलं. काकू काही बोलल्या नाहीत. ताट उचलून आत गेल्या.

महिन्याभराने त्यांच्या भाच्याचा फोन आला. गुरांच्या डॉक्टरांशी बोलून त्याने सापळ्याचा पिंजरा मिळवला होता. खाणं आता दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी. अर्ध्या तासाने वाटी उचलायची. म्हणजे कोण आलं, कोण नाही हे कळतं आणि कुत्रेही जमत नाहीत. तीन मांजरींची शस्त्रक्रिया झाली. एकीचा टाका पिकला, तेव्हा काकूंनी तिला आठवडाभर माजघरात ठेवून घेतलं.

चौथी, करडी, अजून हाती लागलेली नाही. पिंजऱ्यातली मासळी ती बाहेरूनच पंजा घालून ओढून नेते.