पाणी फोडणारं पान

मालवण

चि. बाय,


झाडं सोडतात तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला की पाण्यातला, असं तू विचारलंस. पाण्यातला. १९४१ साली कॅलिफोर्नियात रुबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजन असलेलं पाणी क्लोरेला शेवाळाला दिलं, आणि बाहेर आलेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन सापडला. ओहोटीला खडकांतल्या डबक्यात, भर उन्हात, हिरव्या शेवाळावर बुडबुडे धरतात ना, ते फुटलेल्या पाण्याचेच.

पण ऊन पाण्याला थेट फोडत नाही गो. तसं असतं तर आपला दर्या केव्हाच उडून गेला असता. ऊन पडतं हरितद्रव्यावर. त्यातला एक इलेक्ट्रॉन निसटतो आणि मागे उरलेलं हरितद्रव्य इतकं हपापतं की सजीवसृष्टीत त्याच्याइतकं ओढून घेणारं दुसरं काही ठाऊक नाही. ते शेजारच्या मँगनीजकडून इलेक्ट्रॉन ओढतं, मँगनीज पाण्याकडून.

ऑक्सिजनचा एक रेणू सुटायचा तर पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात, आणि प्रकाशाचा एक कण एका वेळी एकच काढतो. १९६९ मध्ये पिएर जोलिओंनी अंधारातल्या हरितलवकांवर क्षणिक झोत टाकले. ऑक्सिजन भरभरून आला तो तिसऱ्या झोताला, मग दर चौथ्याला. बेसेल कॉक यांनी अर्थ लावला: चार पायऱ्यांची कमाई साठते, तेव्हाच वायू सुटतो, अंधारातसुद्धा एक पायरी चढलेली असते, म्हणून पहिली खेप तिसऱ्यालाच. अर्धवट फुटलेलं पाणी पेशीला जाळतं. रापणीचं जाळं अर्ध्यावर ओढून कोण सोडतं?

हा साठा होतो चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंच्या गाठीत. २०११ मध्ये जपानच्या शेन आणि कामिया यांच्या गटाने ती स्पष्ट दाखवली. शेजारी क्लोराइड लागतं, आपल्या मिठातलंच. खाडीतल्या तिवराला ते उदंड; डोंगरावरच्या काजूलाही चिमूटभर हवंच.

ज्या उन्हावर ही यंत्रणा चालते, तेच ऊन ती मोडतंही. कडक उन्हात तिच्यातलं डी-वन नावाचं प्रथिन साधारण अर्ध्या तासात निकामी होतं आणि पान नवं बसवतं. पाणी फोडून हायड्रोजन काढायच्या काही यंत्रांत माणूस इरिडियम, प्लॅटिनम वापरतो. पानाचं मँगनीज तर आपल्या नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींत निघतं. तरी माणसाने केलेली पानाची नक्कल फार काळ टिकत नाही. मला वाटतं, पानाची खरी विद्या फोडण्यापेक्षा दुरुस्तीत आहे. पुढे या वाटेला गेलीस तर ती दुरुस्ती आधी शीक.

तुझा,
मामा