कुठल्या शेतातलं?

आमचं घर धाब्याचं होतं. मृगाच्या आधी आजी धाब्यावर पांढरी माती पसरायची, म्हणजे पावसाळ्यात गळती लागत नसे. ही माती यायची गावाबाहेरच्या पांढरीतून. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती आणि खापरं यांची ती माती. पहिला मोठा पाऊस झाला की धाब्यावरून थोडी माती वाहून यायची आणि पन्हळीखाली कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा, कधी अकीकाचा लाल मणी सापडायचा. आजी ते उचलून तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवायची. जुन्या माणसांचं आहे, टाकू नये, एवढंच म्हणायची.

पुढे छत्तीस वर्षं मी संग्रहालयांत काढली. मदतनीस म्हणून लागले, अभिरक्षक म्हणून निवृत्त झाले. या कामाचं शिक्षण मला पुस्तकांनी आणि वरिष्ठांनी दिलं, पण त्याची गोडी लावली ती तेरने.

तेर धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक आहे. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं हे त्यांनी सांगितलं, ती कथा इथलीच. खापर हातात आलं की आम्हीही नखाने टिचकी मारतो. नीट भाजलेलं खणखणतं, कच्चं राहिलेलं बद्द वाजतं. कुंभाराच्या या गावात जमिनीखाली दोन हजार वर्षांची खापरं आहेत, याने मला प्रत्येक वेळी नव्याने भरून येतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणसोबत तगर नावाचं मोठं शहर येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथलं कापड गाड्यांवर लादून वाटा नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जाई. शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, म्हणजे गाव मागे पडल्यावरही त्याचा मान उरला होता. पण हे तगर कुठलं? कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. तगर म्हणजे तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. १९५८ मध्ये चापेकरांनी इथे उत्खनन केलं आणि पुढेही उत्खननं झाली. पण त्याआधीपासून गावातलाच एक माणूस तेरची माती चाळत होता.

रामलिंगप्पा लामतुरे. ते विद्यापीठातले नव्हते, कुठल्या खात्याचे नव्हते. पावसाने धुपलेल्या टेकाडांवरून, नांगरटीतून, पायाच्या खोदाईतून जे वर आलं ते त्यांनी जमवलं. केओलिनच्या पांढऱ्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या बाहुल्या. मण्यांचे ढीग. सातवाहनांची शिशाची नाणी. रोमन बनावटीच्या दिव्यांची आणि नाण्यांची मातीत केलेली नक्कल. हस्तिदंती स्त्रीप्रतिमा, जिची जवळची बहीण १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. व्हेसुव्हियसने पॉम्पेई गाडलं इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे तिकडची मूर्ती त्याआधीची हे नक्की. बॅरेट यांच्यासारख्या ब्रिटिश कलाभ्यासकाने १९६० मध्ये तेरवर पुस्तक काढलं, ते याच संग्रहाच्या ओढीने. पुढे हा संग्रह शासनाकडे आला आणि तेरमध्येच राहिला. तिथलं संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. विटांचं गजपृष्ठाकार त्रिविक्रम मंदिर पाहून माणूस चालत संग्रहालयात येतो आणि त्याच मातीतल्या बाहुल्या पाहतो, हे भाग्य फार थोड्या गावांना लाभलं आहे.

याउलट साताऱ्याचं उदाहरण आठवतं. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी हयातभर कागद जमवले, नाना फडणीसांचं मेणवलीचं दप्तर मिळवलं, साताऱ्यात संग्रहालय उभं राहिलेलं पाहिलं आणि १९२६ मध्ये ते गेले. १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात नेला गेला. तिथे तो नीट सांभाळला गेला, अभ्यासला गेला, याबद्दल कृतज्ञताच आहे. कागदाचं एक बरं असतं, त्याच्या अंगावरच गावाचं नाव आणि तिथी असते. तो कुठेही नेला तरी बोलतो. मण्याच्या अंगावर काही लिहिलेलं नसतं.

हे मी फार वाईट रीतीने शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका छोट्या संग्रहालयात होते. तीन गावांच्या पांढरींतून आलेले मणी तीन पुठ्ठ्याच्या खोक्यांत होते, आत सुतळीने बांधलेल्या चिठ्ठ्या. श्रावणात छत गळलं, पुठ्ठा लगद्यासारखा झाला, चिठ्ठ्यांवरची शाई पसरली. मी सुट्टीवरून परत आले तेव्हा कुणीतरी सगळे मणी स्वच्छ धुऊन, पुसून, एका ताटात काढून ठेवले होते. एकही मणी हरवला नव्हता. मोजून पाहिले, संख्या जुळली. पण कोणता मणी कोणत्या गावचा, हे सांगायला आता जगात कुणी उरलं नव्हतं. नोंदवहीत ‘प्राप्तिस्थळ’ नावाचा रकाना असतो. त्यात मी ‘अज्ञात’ लिहिलं आणि खाली सही केली. ती सही माझी आहे आणि ती अजून मला टोचते. खोक्यातल्या चिठ्ठ्यांवर न विसंबता प्रत्येक मण्याला क्रमांक बांधायला हवा होता, ते माझं काम होतं.

त्यानंतर मी वस्तूवर क्रमांक टाकल्याशिवाय ती कपाटात जाऊ दिली नाही. आधी पारदर्शक लेपाचा पातळ हात, तो वाळला की बारीक टाकाने काळ्या शाईचा क्रमांक, त्यावर पुन्हा लेप. नक्षीवर नाही, तुटलेल्या कडेवरही नाही, कारण तिथे कधीतरी जोड बसायचा असतो. मण्याइतक्या लहान वस्तूला क्रमांकाची न झिजणारी पट्टी दोऱ्याने बांधायची. मातीच्या मूर्तीला पाणी लावायच्या आधी तिच्यावर रंगाचा किंवा लेपाचा अंश आहे का, हे भिंगाने पाहायचं. शिशाची नाणी प्लायवूडच्या बंद कपाटात कधीच ठेवायची नाहीत. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं पांढरी भुकटी होऊन झडतं आणि दोन हजार वर्षं जमिनीत टिकलेलं नाणं दहा वर्षांत कपाटात संपतं. हा धडा नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी द्यायचे.

जागेची नोंद का एवढी मोलाची, हे भोकरदनला कळतं. तिथे १९७३ मध्ये उत्खनन झालं आणि तेरच्या प्रतिमेच्या घराण्यातलाच हस्तिदंती तुकडा थरातून मिळाला. वरचा भाग तुटलेला, पण त्याच्या आजूबाजूची नाणी, खापरं, मणी यांची त्याच्याबरोबरच नोंद झाली. तेरची प्रतिमा अखंड, देखणी, पण ती कोणत्या थरातली हे तिला विचारता येत नाही. लामतुऱ्यांकडून मात्र तिला तिचं गाव मिळालं. ते एक नाव गेलं असतं तर ती कुठल्यातरी दिवाणखान्यातली शोभेची वस्तू झाली असती.

पण वस्तू सापडली ती जागा लोक लपवतात, आणि त्याला भीतीही कारणीभूत आहे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. शेतकऱ्याला वाटतं, सांगितलं तर शेत जाईल, पोलीस येतील. प्रत्यक्षात शिक्षा दडवण्याला आहे. कळवणाऱ्याचा वाटा कायद्यातच धरलेला आहे. पण हे सांगायला गावात कोणी जात नाही. मग वस्तू जुन्या बाजारात जाते आणि विकणारा गावाचं नाव बदलून सांगतो. आता तर पांढरीवर जेसीबी चालतो, आणि आजी ज्या टेकाडाची एक पाटी उकरायची ते एका दिवसात ट्रॅक्टरने शेतात पसरलं जातं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक माणूस पिशवीत काहीतरी घेऊन आला. कांद्याला पाणी देताना पाटात सापडलं म्हणाला. फडकं सोडायच्या आधीच मी विचारलं, “दादा, कुठल्या शेतातलं?” तो बिचकला. मी त्याला चहा मागवला, कायदा समजावला, आणि म्हटलं, तुमचं नाव संग्रहालयात लागेल. बराच वेळ गप्प बसून त्याने गट नंबर सांगितला. मग स्वतःच उठला, टेबलावरचा कागद ओढला आणि विहीर, बांधावरचं बाभळीचं झाड, पाट, आणि पाटाला वळण आहे तिथे एक फुली, असा नकाशा काढून दिला. तो कागद मी नोंदवहीच्या त्या पानाला चिकटवला. फडकं त्यानंतर सोडलं.