मागील बाकी

वर्षातून एक दिवस आमच्या घरात माझ्या अक्षराला मान मिळतो. एरवी माझ्या कादंबऱ्यांपेक्षा आमच्या दुकानातल्या काड्यापेट्या अधिक खपतात, आणि ही गोष्ट धाकटा भाऊ मला विसरू देत नाही. पण दिवाळीच्या पाडव्याला तोच मला पाटावर बसवतो, नगरहून आणलेली लाल कापडी बांधणीची नवी वही पुढे ठेवतो आणि म्हणतो, "दादा, श्री काढ."

पाथर्डी तालुक्यातल्या एका लहानशा गावात आमचे वाणसामानाचे दुकान आहे. या वहीची आता सरकारला गरज नाही. १९८९ पासून आयकराचे वर्ष सगळ्यांना एकच झाले, एप्रिल ते मार्च; आणि भावाचा सारा हिशेब मोबाइलमध्ये असतो. तरी आमच्या दुकानाचे खरे वर्ष संपते ते दिवाळीलाच. त्याला पंचांगापेक्षा ऊस अधिक कारण आहे. आमचा मुलूख कमी पावसाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे मुकादमाकडून उचल घेतात आणि ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा असला तर अर्धा. पावसाळाभर दुकानातून नेलेल्या तेलामिठाची उधारी त्या उचलीतून फिटते, आणि उरेल ती बाकी नव्या वहीत ओढायची.

बाकी ओढण्याआधी अण्णा, म्हणजे आमचे वडील, तीन गोष्टी करीत. घरात वापरलेला माल, अगदी माझ्या चहाची साखरसुद्धा, घराच्या नावे टाकीत. न खपलेले जिन्नस वेगळे काढून 'पुन्हा आणणे नाही' अशी खूण करीत. आणि उधारीच्या एकेका पानापुढे थांबून स्वतःशीच पुटपुटत, "हा देईल. याला यंदा जमायचे नाही."

२०१८ साली पावसाने दगा दिला होता. त्या दिवाळीत एका पानावर दोन वर्षांची मिळून सात हजारांवर बाकी निघाली. अण्णा ते पान उलटू लागले तसा मी त्यांचा हात धरला. म्हणालो, "अण्णा, अशाने दुकान बुडेल. घाऊक व्यापारी आपल्याला कधी सोडतो का?" ते काही बोलले नाहीत. मीच त्या माणसाकडे निरोप धाडला, तोही अगदी मास्तरी सुरात. तिसऱ्या दिवशी तो आला, मान खाली घालून पैसे मोजून ठेवले आणि गेला. मी मोठ्या ऐटीत त्या पानावर आडवी रेघ मारली.

सुट्टी संपून शाळा भरली. सातवीची हजेरी घेताना एका नावाला 'हजर' आले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानेही नाही. तो त्याच माणसाचा मुलगा होता. दर वर्षी आईबाप जात आणि तो आजीपाशी राहून शाळा करी. या खेपेला उचल वाढवून हवी होती, म्हणून त्याचाही अर्धा कोयता धरला गेला. अण्णांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पैसे कुठून आणले, हे तू विचारायला हवे होतेस."

गुढीपाडव्यानंतर पोरगा परतला. हातांना घट्टे पडले होते. मागच्या बाकावर बसून कशीबशी परीक्षा दिली. आठवीला मात्र तो आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी जाऊन आलो. दोन्ही वेळा त्याच्या आईने मला चहा दिला, आणि त्या विषयावर कुणीच बोलले नाही.

उधारी वसूल करू नये असे माझे म्हणणे नाही. तसे केल्याने बंद पडलेली दुकाने मी आमच्याच गावात पाहिली आहेत. पण वसुलीच्याही रीती असतात. २०२० मध्ये नेमका गुढीपाडव्याला, २५ मार्चला, देश बंद झाला. ऊसतोडीची किती तरी माणसे कारखान्यांच्या परिसरात अडकून पडली. दिवाळीत वही उघडली तेव्हा भावाने एकेकाला बोलावून, त्याला झेपेल तेवढा हप्ता बांधून दिला. पैसे उशिरा आले, पण आले, दुकानही टिकले. एवढी साधी युक्ती दोन वर्षांपूर्वी मला सुचू नये?

अण्णा आता नाहीत. गेल्या दिवाळीत, निघण्याच्या आदल्या दिवशी, एक तरुण दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. मी ओळखायच्या आत तोच म्हणाला, "मास्तर, बापाच्या पानावर नको आता. माझे वेगळे खाते काढा." त्याचे लग्न व्हायचे आहे, म्हणजे कोयता अजून अर्धाच.

मी कोरे पान काढले. हजेरीपटात ज्या नावापुढे मी महिनोन्महिने गैरहजेरीची खूण केली होती, ते ठसठशीत अक्षरात लिहिले. पुढे 'मागील बाकी'चा रकाना होता. भाऊ म्हणाला, "तिथे निरंक लिही."

मी लिहिले. सगळ्या वहीत तेवढा एकच शब्द वेडावाकडा आला आहे.