नांदूरघाट ते डेटोना

मुलांनो, केज तालुक्यातल्या आपल्या नांदूरघाटहून मुंबई चारशेएक किलोमीटर. अमेरिकेत डेटोनाच्या मोटारशर्यतीत त्याच्या दुप्पट, ८०० किलोमीटर अंतर एकाच धावपट्टीवर २०० फेऱ्या मारून कापतात!

१८ फेब्रुवारी १९७९ रोजी ही शर्यत टीव्हीवर पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली. शेवटच्या फेरीत पुढच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या अन् मागून आलेला रिचर्ड पेटी जिंकला! कॅमेरा शेवटपर्यंत होता, म्हणून घरबसल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

आपल्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली, पण अटींवर. बैलांचे हाल करायचे नाहीत. आता या शर्यतीही मोबाइलवर थेट दिसतात. बघताना पहिला नंबर कुणाचा, एवढंच पाहू नका. बैलावर काठी उगारली का, तेही बघा!